पहाटेचं जातं

पालमच्या आमच्या घरावर पत्रे आहेत. दुपारी तापले की ते तडतडतात आणि माइक ती तडतड गाण्याआधी पकडतो. घरी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तेव्हा मी हिशेब फक्त यंत्रांचा केला होता: कंडेन्सर माइक, त्याला 48 व्होल्ट देणारा छोटा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खरी मेहनत गेली ती खोलीवर. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, गाणं हौदात म्हटल्यासारखं लागतं. दोरीवर चार गोधड्या टाकल्या, कोपऱ्यात ज्वारीची पोती रचली, तेव्हा कुठे आवाज जवळ आला.

मला आत्याच्या जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. दळता दळता गाणाऱ्या संत जनाबाईंचं गंगाखेड आमच्या शेजारचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही ऐकल्यापासून घरातलाच गळा राहून जातोय ही रुखरुख लागली होती.

आत्याला खुर्चीवर बसवलं, हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टिकटिक लावली. दोन ओळींत ती थांबली.

"हात रिकामे असल्यावर गळा कसा चालंल, बापू?"

पडवीतलं जातं आत आणलं. रिकामं फिरवायचं नाही, म्हणून पसाभर ज्वारी घेतली. खुंट्याला हात लागला आणि ओवी सुटली. टिकटिक मी बंदच केली. हात पुढे जाताना ओळ चढत होती, जवळ येताना उतरत होती, आणि वैरण घालायला ती थांबे तिथेच तिचा श्वास पडे. इतका पक्का ताल मी यंत्रात ऐकलेला नाही.

आता अडचण दगडाची. त्याची घरघर फरशीतून स्टँडमध्ये चढायची. स्टँडखाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली. हा माइक समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं फार कमी. म्हणून तो हाताच्या फेऱ्याबाहेर, खाली ठेवून तोंड आत्याकडे वळवलं, पाठ जात्याकडे. आवाजाची उंच टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला नंतर सांधता येत नाही.

वेळ धरली पहाटे चारची. पत्रे गार, पंखा बंद, रस्त्यावर गाडी नाही. पूर्वी दळणाला बायका उठायच्या तीच ही वेळ, हे माझ्या ध्यानात आलं ते तिथे बसल्यावर.

तिसऱ्या पहाटे अकरा ओव्या नीट उतरल्या. गळा स्वच्छ, घरघर अगदी दूर. हेडफोन आत्याच्या कानांवर चढवला. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मी हाय," ती म्हणाली, "पण जातं कुठं गेलं?"

चौथ्या पहाटे मी माइक जरा वर घेतला आणि त्याचं तोंड थोडं जात्याकडे झुकवलं.