फ्यूनच्या गढ्या : खंदकाच्या आत आणि बाहेर

डॅनिश भाषेत ‘स्लॉट’ आणि ‘हेरेगोर’ असे दोन शब्द आहेत. पर्यटन पुस्तिका दोघांनाही सरसकट ‘कॅसल’ म्हणतात, आणि आपण त्याचे मराठी करताना ‘किल्ला’ म्हणून मोकळे होतो. इथेच गफलत होते. किल्ला म्हटला की आपल्याला डोंगर, तट, बुरूज, दारूकोठार दिसू लागते. डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत. देशातला सर्वांत उंच नैसर्गिक माथा जेमतेम १७० मीटरचा. ‘हेरे’ म्हणजे धनी आणि ‘गोर’ म्हणजे शेतवाडी. हेरेगोर म्हणजे धन्याची शेतवाडी. मराठीत याला जवळात जवळचा शब्द शोधायचा तर तो ‘गढी’. राहायचे घर, धान्याचे कोठार, कचेरी आणि वेळ पडली तर लढायची जागा, हे सगळे एकाच आवारात. या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे.

फ्यून हे डेन्मार्कच्या मधोमध असलेले बेट, पश्चिमेला युटलँड आणि पूर्वेला शेलँड. क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षाही थोडे लहान. एवढ्याशा जागेत शंभराहून अधिक गढ्या आणि वाडे आहेत. दक्षिण फ्यूनमध्ये तर एका गढीचे शेत संपते न संपते तोच दुसरीची झाडांची रांग सुरू होते. जमीन सुपीक हे एक कारण खरेच, पण सुपीक जमीन जगात इतरत्रही आहे. एवढी घरे उभी राहायला त्या जमिनीवर कोण राबणार याचा बंदोबस्त लागतो.

बहुतेक प्रवासी एगेस्कोव्हला जातात, आणि सुरुवात तिथूनच करणे योग्य. फ्रान्स ब्रोकेनहूस या सरदाराने १५५४ साली ही गढी पुरी केली, तीही तळ्याच्या मध्यभागी. तळात ओकचे खांब ठोकून त्यांवर पाया घातला. एगेस्कोव्ह या नावाचा अर्थच ‘ओकचे रान’, आणि पायासाठी अख्खे रान तोडले अशी आख्यायिका लोक आवडीने सांगतात. बाहेरून लाल विटांची एकच इमारत दिसते, पण ती प्रत्यक्षात शेजारी शेजारी उभी असलेली दोन घरे आहेत. दोहोंमध्ये एक जाड भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात जिने व विहीर. शत्रूने एक घर घेतलेच तर मालकाने दुसऱ्यात जाऊन लढत राहावे, पाण्यावाचून मरू नये, असा हिशेब. आज दिसणाऱ्या मनोऱ्यांची उंची मात्र १८८०च्या दशकातली. हेल्गो झेटरवाल या स्वीडिश वास्तुविशारदाने डागडुजी करताना मनोरे चढवले. छायाचित्रात जे सर्वांत ‘मध्ययुगीन’ वाटते, ते बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकाचे असते.

पण १५५४ साली ब्रोकेनहूसला भीती कोणाची होती? परकीय शत्रूची होती, पण तेवढीच नव्हे. वीस वर्षांपूर्वी, १५३४ ते १५३६ या काळात, ‘काउंटचे युद्ध’ नावाची यादवी झाली. सिंहासनावर कोण बसणार आणि धर्म कोणता राहणार हे तिचे वरवरचे प्रश्न. आत मात्र शेतकरी आणि शहरी लोक सरदारांवर उलटले होते, गढ्या लुटल्या-जाळल्या गेल्या होत्या. ११ जून १५३५ रोजी फ्यूनमध्येच ओक्सनेबिएर्गच्या लढाईत सरदारपक्ष जिंकला. पुढच्या वर्षी धर्मसुधारणा झाली आणि चर्चच्या अफाट जमिनी राजाकडे गेल्या. जिंकलेल्यांनी मग घरे बांधायला काढली. राजाचा चॅन्सेलर योहान फ्रीस याने १५३८ साली हेसेलागरगोर सुरू केले. त्याच्या गोलाकार त्रिकोणिका थेट व्हेनिसची आठवण करून देतात, पण खाली जंग्या आणि खंदक आहेतच. वर नवी अभिरुची, खाली जुने भय. गढी कोणत्या काळात बांधली हे ओळखायला मला ही जोडी फार उपयोगी वाटते.

ही भिंत आतल्या माणसांवरही उलटत असे. एगेस्कोव्हचा पुढचा धनी लाउरिड्स ब्रोकेनहूस. त्याची मुलगी रिगबोर्ग हिला १५९९ साली लग्नाआधीच मूल झाले. मुलाचा बाप फ्रेडरिक रोसेनक्रांट्स, हा १५९२ साली ग्युल्डेनस्टिएर्ने या दुसऱ्या सरदारासह लंडनला जाऊन आला होता. ‘हॅम्लेट’मधल्या दोन दरबाऱ्यांची नावे याच जोडीवरून आली असावीत असा तर्क केला जातो, तो तर्कच आहे, पुरावा नाही. रिगबोर्गला बापाने गढीतल्या एका खोलीत कोंडले. बाप १६०४ साली मेला तेव्हाच तिची सुटका झाली.

आता कोठारांकडे वळू. प्रवासी पूल ओलांडून थेट मुख्य घरात शिरतो, पण गढीचा अर्थ कळतो तो तिच्या कोठारांवरून आणि गोठ्यांवरून. ती घरापेक्षा कितीतरी लांबरुंद असतात. धन्याच्या स्वतःच्या शेतावर कर नसे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून नियम असा, की गढीच्या भोवती दोन डॅनिश मैलांच्या, म्हणजे साधारण १५ किलोमीटरच्या आत २०० ‘टोंडे हार्टकॉर्न’ इतकी कुळांची जमीन असेल तर ती ‘पूर्ण’ गढी, आणि तिलाच सगळ्या सवलती. हार्टकॉर्न हे जमिनीच्या पिकाऊपणाचे धान्यातले माप, त्यावरच आकारणी होई. याचा अर्थ सरळ आहे. भोवती कुळे नसतील तर गढी कागदावर अपुरी.

आणि कुळे राखायची कशी? १७३३ साली ‘स्टाव्हन्सबॉन’ हा कायदा आला. धान्याचे भाव पडले होते, मजूर गाव सोडून जात होते, सैन्यालाही माणसे हवी होती. शेतकरी कुटुंबातल्या पुरुषाने १४ ते ३६ या वयात जन्मगावची जहागीर सोडून जायचे नाही. पुढे १७६४ साली ही मर्यादा ४ ते ४० वर्षे अशी वाढवली. चार वर्षांच्या पोराला बांधून ठेवणारा कायदा! सैन्यात कोणाला पाठवायचे हे धनीच ठरवी. त्यामुळे उद्दाम पोराला ‘ही पडीक शेतवाडी कसायला घे, नाहीतर फौजेत जा’ असे सांगता येई. कूळ धन्याच्या शेतावर स्वतःचे बैल आणि स्वतःचे गडी घेऊन राबे. त्या कामाला ‘होवेरी’ म्हणत. आपल्याकडचा वेठ हा शब्द इथे चपखल बसतो. काम नाकारणाऱ्याला ‘लाकडी घोड्या’वर बसवत. धारदार कण्याची एक फळी, तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसायचे, आणि पायांना वजने.

याच फ्यूनमध्ये, याच वर्गातून, उलटी हालचालही झाली. फोबोर्ग गावाजवळचे ब्राहेट्रोलेबोर्ग हा मुळात ११७२ सालचा सिस्टर्शियन मठ. त्याचे चर्च आजही इमारतीच्या एका बाजूला आहे. १७७५च्या सुमारास ही जहागीर योहान लुडविग रेव्हेंटलॉव या तरुणाकडे आली. त्याचा भाऊ क्रिस्टियन डिटलेव कोपनहेगनमध्ये १७८६च्या शेती आयोगाचा प्रमुख आधार होता, आणि १७८८ साली स्टाव्हन्सबॉन रद्द झाला तो त्या आयोगाच्या शिफारशीवरून. भाऊ राजधानीत कायदा घडवत असताना लुडविगने आपल्या जहागिरीत शाळा काढल्या, कुळांना वंशपरंपरागत हक्क दिले, आणि १७९४ साली शिक्षक घडवणारी अध्यापनशाळाही सुरू केली. त्याला संत करण्याची गरज नाही. मोकळा शेतकरी जास्त पिकवतो हा हिशेब त्याच्या वर्गातल्या जाणत्यांना कळला होता. तरीही हिशेब कळणे आणि स्वतःच्या जहागिरीत तो अमलात आणणे यांत अंतर असते, आणि शेजारच्या धन्यांपैकी अनेकांनी ते ओलांडले नाही. कायदाही लगेच पूर्ण लागू झाला नाही; शेवटची गाठ १८०० साली सुटली.

टोसिंगे या शेजारच्या बेटावरच्या वाल्डेमार्स स्लॉटची गोष्ट त्या मानाने सोपी. चौथ्या क्रिस्टियन राजाने आपल्या मुलासाठी ते बांधायला घेतले. मुलगा १६५६ साली पोलंडमध्ये लढाईत मेला. नंतर १६७७च्या क्योगे उपसागराच्या लढाईतला विजयी आरमारप्रमुख नील्स यूल याने पकडलेल्या स्वीडिश जहाजांच्या बक्षिसाच्या पैशातून ही मालमत्ता घेतली. तळे आणि प्रवेशवाडे अठराव्या शतकातले. देखणे आहे, जरूर पाहावे.

ओडेन्सेचा हान्स क्रिस्टियन अँडरसन (जन्म १८०५) याच गढ्यांचा लाडका पाहुणा होता. बाप चांभार, आई धोबीण, आणि पुढे न्युबोर्गजवळच्या ग्लोरुप गढीत तो अनेकदा राहिला. ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ ही त्याची १८४३ची कथा एका जुन्या गढीपाशीच सुरू होते, पण कथेची नजर खंदकाच्या कडेला, मोठ्या पानांच्या गर्दीतून बघणाऱ्याची आहे. पुलावरून आत जाणाऱ्याची नाही. हे मला कधीच योगायोगाचे वाटले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बहुतेक गढ्या आजही खाजगी घरे आहेत. काही ठिकाणी फक्त बाग खुली असते, हेसेलागरगोरसारखी काही रस्त्यावरूनच पाहावी लागतात, ब्रोहोल्ममध्ये हॉटेल चालते. न्युबोर्गचा किल्ला राजाचा होता, सरदाराचा नव्हे. तिथे मध्ययुगात ‘डेनहोफ’ ही सभा भरे, आणि १२८२ साली राजाला आपल्या अधिकारांवर मर्यादा घालणाऱ्या सनदेवर सही करावी लागली. गढ्यांच्या आधी किंवा नंतर ओडेन्सेच्या दक्षिणेचे ‘फ्यूनचे खेडे’ हे खुले संग्रहालय पाहणे मात्र चुकवू नये. बेटभरातून उचलून आणलेली लाकडी सांगाड्याची, गवती छपरांची शेतघरे तिथे आहेत. दोन्ही पाहिल्याशिवाय यातले एकही नीट कळत नाही.

शेवटचा बदल कागदावर झाला. १८४९च्या राज्यघटनेने नव्या सरंजामी जहागिरी निर्माण करण्याला बंदी केली, आणि ४ ऑक्टोबर १९१९च्या कायद्याने जुन्या मोडल्या. मालमत्ता खाजगी करून घ्यायची तर धन्याने तिच्या मूल्याचा चौथा भाग सरकारला द्यायचा आणि जमिनीचा तिसरा हिस्सा मोबदला घेऊन सोडायचा. अनेक घराण्यांची पुढची धडपड, तिकीट लावणे, खोल्या भाड्याने देणे, जुन्या मोटारगाड्यांचे संग्रहालय काढणे, यांची मुळे इथपर्यंत पोचतात. सोडलेल्या जमिनीचे तुकडे करून ते भूमिहीनांना दिले. दक्षिण फ्यूनमधल्या रस्त्यांवर गढीच्या झाडांची रांग संपल्यावर कुठे कुठे एकाच मापाची, एकाच धाटणीची लहान शेतघरे ओळीने लागतात. त्यांना तिकीट नाही, आणि पुस्तिकेत त्यांचे चित्रही नसते.