तिसऱ्या आडातला प्लग

सकाळी ७.००

गौरी-गणपती बोळवून दोन दिवस झाले. पाटणच्या स्टँडवर मुंबईला परतणाऱ्यांची झुंबड, आणि माझ्या गॅरेजच्या दारात रात्रभर पावसात भिजलेली पांढरी एसयूव्ही. जर्मन बनावट, पेट्रोल, टर्बो, चार सिलिंडर. गाडी काल संध्याकाळीच सोडून जा आणि सकाळी कुणी स्टार्टर मारायचा नाही, हे मी मालकांना आधीच बजावलं होतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम हेडातून प्लग उपसायला गेलं की आटे सोलून निघतात, आणि मग काही हजारांचं काम हेड उतरवण्यावर जातं.

माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या. त्यांना स्पार्क प्लग नसतोच. हवा दाबून तापते आणि डिझेल आपोआप पेट घेतं. थंडीत सुरू व्हायला मदत म्हणून ग्लो प्लग असतो, पण तो ठिणगी टाकत नाही, नुसता तापतो. त्यामुळे पेट्रोलची एवढी महाग गाडी दारात आली की भाचा आधी हात धुतो.

तक्रार अशी : मालक परवा चिपळूणला सोयऱ्यांकडे गेले होते. येताना कुंभार्ली घाटात गाडी झटके द्यायला लागली. इंजिनाचा पिवळा दिवा आधी लुकलुकला, मग तसाच राहिला. घाट संपला, हेळवाक मागं पडलं, कोयनानगरपासून पुन्हा गाडी गुण्यागोविंदानं चालली. चढाला रडते आणि सपाटीला हसते, हे बहुतेक प्लगचं लक्षण. चढाला जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. झिजलेल्या प्लगला तेवढे मिळत नाहीत.

७.३०

इंजिन न लावता नुसतं इग्निशन देऊन स्कॅनर जोडला. दोन कोड : पी०३०० आणि पी०३०३. पहिला म्हणतो, कुठंतरी मिसिंग आहे. दुसरा बोट दाखवून सांगतो, तिसऱ्या सिलिंडरमध्ये. स्कॅनर एवढंच सांगतो. प्लग, कॉइल की इंजेक्टर, हे आपण शोधायचं. कोड वाचून थेट पार्ट मागवणारे मेस्त्री वाढलेत हल्ली.

८.००

वरचं प्लास्टिक झाकण काढलं, कॉइलच्या क्लिपा उचलल्या, चारही कॉइल सरळ वर ओढून क्रमानं फडक्यावर मांडल्या. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्याला आम्ही आड म्हणतो. प्लग सोडवण्याआधी प्रत्येक आडात कंप्रेसरची हवा मारली. तळाशी पडलेला वाळूचा एक कण प्लग निघताच खाली सिलिंडरमध्ये जातो. तिसऱ्या आडातून हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार उडाले. भाचा म्हणाला, "मामा, पाणी!" गेले महिनाभर पाटणात सूर्य धड दिसलेला नाही. काचेखालच्या पन्हाळीत पानं अडकून पाणी तुंबलं होतं आणि झिरपून इथवर आलं होतं.

या इंजिनाला नेहमीचा १६ चा प्लगपाना चालत नाही. १४ चं, बारा कोनांचं, पातळ भिंतीचं सॉकेट लागतं. ते माझ्याकडे आहे, कारण एकदा नव्हतं.

चार प्लग खिडकीत ओळीनं ठेवले. पहिला, दुसरा, चौथा : नाकाला बिस्किटासारखा तपकिरी रंग. म्हणजे इंजिनाची तब्येत चांगली. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त पडतंय, तेलकट ओला असता तर ऑइल वर येतंय, पांढराफटक आणि फोड आलेला असता तर प्लग नको इतका तापतोय. तिसऱ्याचं नाकही बरंच होतं, पण पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली केसाएवढी काळी रेघ. ठिणगीनं आतली वाट सोडून ओल्या अंगावरून पळवाट काढली होती. तारेच्या गेजनं गॅप पाहिला. पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवा, चौघांचाही १ च्या वर गेलेला. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. इरिडियम आहे, लाखभर जातो, असं मालकांना कुणीतरी सांगितलेलं. साध्या इंजिनात जाईलही. टर्बोत मी ६० हजारांच्या पुढे थांबत नाही.

८.४५

मालक आले, सोबत त्यांचा कॉलेजातला मुलगा आणि म्हातारे वडील. मुलाच्या हातात मोबाइलवरून मागवलेला चार प्लगांचा डबा.

"मेस्त्री, हे घाला. जुन्यावर सात आहे, यावरबी सातच आहे."

इथं सगळी मेख. तो आकडा म्हणजे प्लग उष्णता किती लवकर हेडकडे सोडून देतो त्याचं माप. पण बॉशच्या मापात आकडा वाढला की प्लग गरम होत जातो, आणि एनजीकेच्या मापात आकडा वाढला की थंड. बॉशचा ७ साधारण एनजीकेच्या ६ ला जुळतो. जुना प्लग बॉशचा, डबा एनजीकेचा. दोन्हीकडे सात असले तरी डब्यातला एक पायरी थंड.

"थंड म्हणजे चांगलाच की," मुलगा म्हणाला.

"शर्यतीत पळणार असशील तर. तुझी गाडी वाशीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते. प्लगचं नाक साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं तरच त्याच्यावरचा कार्बन जळतो. ते तेवढं तापलंच नाही तर काजळी साठते. आणि उलट, आठशेच्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं, पिस्टनला भोक पडतं. कंपनीनं मधलं काढून दिलेलं असतं, आपण कशाला हात घाला?"

डब्यावरची छपाईही मला रुचली नाही. अक्षरं पुसट होती. नकली प्लग असलाच दिसतो, आणि कळतो तो घाटात. डबा तसाच परत दिला.

९.००

चॅसी नंबर कोल्हापूरच्या दुकानदाराला फोनवर वाचून दाखवला. गाडीच्या नावावरून प्लग मागवायचा नाही. त्याच नावाच्या गाडीत दोन-तीन तऱ्हेची इंजिनं निघतात. आट्याची जाडी, आट्याची लांबी, बसायची जागा, गॅप, उष्णतेचा आकडा, पाचही जुळायला हवेत. आटा लांब निघाला तर पिस्टन वर येऊन त्यालाच धडकायचा. चारही प्लग बदलायचे, एकटा तिसरा नाही. नाहीतर तीन म्हातारे आणि एक तरुण, दर पंधरा दिवसांनी गाडी माझ्या दारात. दुकानदार म्हणाला, पार्सल कराडपर्यंत एसटीनं टाकतो. पुढचं वडापचा जीपवाला आणतो.

११.००

मधल्या वेळात मोरगिरीकडची एक स्प्लेंडर आली. प्लग काळाकुट्ट. काढला, नवा घातला, दहा मिनिटांत गाडी गेली. माझे वस्ताद प्लगला प्लग म्हणतच नसत, मायको म्हणत. बंगळूरची ती कंपनी १९५१ ची, बॉशचीच. २००८ मध्ये तिनं नावही बॉश घेतलं, पण जुने लोक अजून मायकोच म्हणतात. राजदूतच्या डिकीत तेव्हा एक जादा मायको आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. घासला, फुंकला, लावला. इरिडियमला मात्र पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याच्या मधल्या टोकाला सुईएवढा धातू चिकटवलेला असतो, २४०० अंशांच्या वर वितळणारा, पण घासला की तुटणारा.

१२.५०

पार्सल आलं. डबा फोडून चारही गॅप पाहिले, एकाची खोळ चेपलेली नाही ना ते पाहिलं. मग जेवण. भाकरी खाताना म्हातारे माझ्याजवळ येऊन बसले. गाव मंद्रुळकोळ्याजवळचं. माथाड्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील तिथलेच. म्हाताऱ्यांनी मुंबईत धान्याच्या गोण्या वाहिल्या. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हा ते पोरसवदा होते. आता मुलगा वाशीच्या मार्केटात व्यापारी आहे.

२.००

आड कोरडे केले, पन्हाळीतली पानं काढली. भाच्यानं प्लगच्या आट्यांना ऑइल लावायला बोट पुढं केलं, मी हातावर चापट मारली. नव्या प्लगला मुलामा असतो. वर ऑइल लावलं की आटा निसरडा होतो आणि पाना तेवढ्याच जोराला जास्त आवळतो. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवायचा आणि नळीनंच खाली फिरवायचं. आटा तिरका गेला तर नळी घसरते, हेड वाचतं. हाताला टेकल्यावरच टॉर्क पाना : या इंजिनाला २३ न्यूटन-मीटर. कट्कन आवाज आला की थांबायचं. "अजून थोडं मामा?" नाही.

तिसऱ्या कॉइलचं रबर पुसून निरखलं, चीर नव्हती. तरी मी ती मुद्दाम पहिल्या सिलिंडरवर लावली आणि पहिलीची तिसऱ्यावर. पुन्हा मिसिंग झालं आणि कोड पी०३०१ आला, तर दोष कॉइलबरोबर गेला असं समजायचं. कोड पुसून टाकले.

३.१५

ट्रायल सडावाघापूरच्या चढावर. वळणं, ओलं डांबर, दाट धुकं. मालक चालवत होते, मी स्कॅनर मांडीवर घेऊन मिसिंगचे आकडे बघत होतो. "दाबा," म्हटलं. दाबली. चारही शून्य. पठारावर धुक्यात पवनचक्क्यांचा नुसता घोंघावणारा आवाज, पातं एक दिसेना. दहा मिनिटं थांबून उतरलो, पुन्हा एकदा निम्म्यापर्यंत चढवली. शून्यच.

५.००

बिल लिहिलं. प्लग, मजुरी, पन्हाळीच्या सफाईचे काही नाही. जुने चारही प्लग डब्यात घालून मालकांना दिले. जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय फेकायचा नाही, हा वस्तादांचा नियम. म्हाताऱ्यांनी डब्यातून तिसरा उचलला आणि तळहातावर वरखाली झेलला.

"ह्यापायी घाटात अडाकली व्हय?"

"व्हय तात्या."

"पन्नास ग्रॅम बी न्हाय रं."

त्यांनी तो डब्यात परत न ठेवता कोपरीच्या खिशात टाकला. गाडी कराडच्या दिशेनं निघाली. भाच्यानं सॉकेट पुसून खणात ठेवलं.