धुराड्याची फट



भोर आणि वेल्हे हा आपला मावळ मुलूख. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव दिले आहे. नाव बदलले, तरी पाऊस तोच. मृग लागला की दारे-खिडक्या बंद होतात. भिंती ओल धरतात. सरपण दमट होते. चूल पेटता पेटत नाही, नुसती धुमसते. सगळे घर धुराने भरून जाते.

सन २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. पुष्कळ घरांत गॅस आला. चांगले झाले. पण म्हणून चूल गेली का? नाही. आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. गुरांचे आंबोण चुलीवरच शिजते. सिलिंडर संपला की भाकरीही चुलीवरच होते. तेव्हा चुलीचा विचार सोडून चालणार नाही.

काही घरांत चुलीला धुराडे बसवलेले असते. तरीही आत धूर असतोच. घरधनी म्हणतो, "पैसे फुकट गेले. हे धुराडे काही कामाचे नाही." पण धुराडे नीट बघावे. बहुधा त्याला कुठेतरी फट पडलेली असते. ती फट कशी शोधायची आणि घरच्या घरी कशी बुजवायची, ते आज आपण पाहू.

धुराने काय होते?

धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. धुरात फार बारीक कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोल जातात. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे दम्यासारखे दुखणे जडते. हृदयालाही अपाय होतो. लहान मुलांना न्यूमोनिया होण्याची भीती वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने सन २०२० चा एक हिशेब दिला आहे. स्वयंपाकाच्या धुरामुळे आणि घरातील अशाच दूषित हवेमुळे त्या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती.

आता सांगा, चुलीपुढे कोण बसते? घरातली बाई. तिच्या मांडीवर कोण असते? तान्हे मूल. म्हणजे धूर सगळ्यांत जास्त कोणाच्या वाट्याला येतो, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

ही चूल आली कुठून?

बिनधुराची चूल ही काही परक्या मुलखातून आलेली नाही. सन १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. संघाचे काम मगनवाडीत चालत असे. धुराडे असलेली 'मगन चूल' तिथलीच. पुढे हैदराबादेत एस. पी. राजू नावाच्या इंजिनिअरांनी अशाच चुलीवर काम केले. सन १९८० नंतर केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींचा मोठा कार्यक्रम देशभर चालवला. तो सन २००२ पर्यंत चालला. गावोगाव चुली बसल्या.

पण चूल बसवली म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटले. धुराडी काजळीने तुंबली. सांधे सुटले. दुरुस्ती कोणी शिकवली नव्हती. मग लोकांनी पाइप काढून ठेवले, नि पुन्हा जुनी चूल मांडली. चूल चांगली होती. तिची निगा राहिली नाही. बैलगाडीला वंगण द्यावे लागते, तशी धुराड्याचीही डागडुजी करावी लागते.

धुराडे कसे ओढते?

तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. धुराड्यात गरम हवा वर चढली, की तिच्या जागी खालून दुसरी हवा ओढली जाते. ही हवा चुलीच्या तोंडातून आत शिरते. ती जाळाला फुलवते आणि धूर बरोबर घेऊन वर जाते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात.

आता धुराड्याला मध्येच फट पडली, तर काय होईल? तुम्ही म्हणाल, फटीतून धूर बाहेर येईल. कधी कधी येतोही. पण बऱ्याचदा उलटे होते. घरातली गार हवा फटीतून आत शिरते.

विहिरीवरच्या पंपाची गोष्ट आठवा. पाणी ओढणाऱ्या पाइपाला बारीकशी फट पडली, तर पाइप गळताना दिसत नाही. पंप मात्र हवा घेतो, आणि पाणी येत नाही. धुराड्याचे अगदी तसेच आहे. फटीतून गार हवा आत गेली की आतला धूर निवतो. निवला की जड होतो. ओढ कमी पडते. मग धूर वर न जाता चुलीच्या तोंडातून घरात येतो.

म्हणून ध्यानात घ्या. धूर दिसतो चुलीच्या तोंडाशी. फट असते वर, पाइपाच्या सांध्यात किंवा छपराजवळ. नुसती चूल लिंपून हा धूर थांबत नाही.

फट कशी शोधावी?

आधी चुलीपुढे जी बसते तिला विचारा. धूर कधी येतो, पेटवताना की सारा वेळ? वारा सुटला म्हणजे जास्त येतो का? पाऊस पडला म्हणजे येतो का? तिला हे सगळे ठाऊक असते. कोणी विचारत नाही, एवढेच.

मग धुराडे साफ करा. चूल पूर्ण गार असावी. नाकातोंडाला फडके बांधावे. लांब काठीला काथ्याचा बोळा घट्ट बांधून तो धुराड्यातून वरखाली फिरवावा. खाली पडलेली काजळी भरून काढावी. ओढ कमी असली की नेहमी फटच असते, असे नाही. पुष्कळदा नुसती काजळी तुंबलेली असते. शिवाय जाड काजळी पेट घेते, आणि ती आग छपराला लागू शकते. म्हणून चूल रोज पेटत असेल, तर दर महिन्याला ही सफाई करावी.

साफसफाई झाली की चूल पेटवा. जाळ चांगला धरू द्या. आता एक उदबत्ती पेटवून घ्या. ती प्रत्येक सांध्याजवळ, प्रत्येक चिरेजवळ हळूहळू फिरवा. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, तर ती जागा ठीक. धूर चिरेकडे वळून आत ओढला गेला, तर तिथे फट आहे. धूर झटक्याने दूर लोटला गेला, तरीही तिथे फट आहे. अशा प्रत्येक जागेवर खडूने खूण करा.

चार ठिकाणे जरूर तपासा. चुलीला पाइप जिथे बसतो ती जागा, पाइपाचा प्रत्येक सांधा, पाइप भिंतीतून किंवा छपरातून जातो ती जागा, आणि वैलाचे तोंड. वैलावर लहान भांडे ठेवले तर बाजूने फट राहते, आणि तिथून धूर येतो. वैल वापरायचा नसेल तेव्हा त्यावर बसेल असे झाकण ठेवावे.

माती कशी करावी?

बाजारातून काही आणायला नको. आपला भाग भाताचा आहे. चिकण माती आहे, शेण आहे, भाताचे तूस आहे.

चिकण माती चाळून घ्या. दोन घमेली मातीला एक घमेले तूस आणि थोडी चाळलेली राख घाला. शेण घालून पाण्यात तुडवा आणि रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुन्हा मळा. आता लिंबाएवढा गोळा करून सावलीत वाळवा. गोळ्याला भेगा पडल्या तर माती फार चिकण आहे. आणखी तूस घाला. गोळा हाताने चुरला तर माती कमी पडली. आणखी चिकण माती घाला. माती गावोगाव वेगळी असते. म्हणून गोळा करून बघितल्याशिवाय काम सुरू करू नये.

फट कशी बुजवावी?

फटीवर नुसते पोतेरे फिरवले तर दोन दिवसांत ते सुटते. फट आधी सुरीने थोडी रुंद करा. आतली काजळी खरवडून काढा. काजळीवर माती धरत नाही. मग फट पाण्याने ओली करा. माती बोटाने आत खोल दाबा. पहिला थर अर्धवट सुकला की दुसरा द्या. शेवटी शेणमातीने सारवून घ्या.

पाइपाच्या सांध्याला कपडमाती करावी. वैद्य भस्म करताना भांड्याचे तोंड कपडमातीने बंद करतात, ते तुम्ही ऐकले असेल. तीच युक्ती इथे करायची. जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटे रुंद पट्ट्या फाडा. पातळ मातीत बुडवा. सांध्यावर ओढून घट्ट गुंडाळा. दोन-तीन वेढे द्या आणि वरून जाड माती लिंपा. पट्टी कुठेही उघडी राहू नये.

चुलीजवळ सिमेंट वापरू नका. जाळाने ते तडकते. वर छपराजवळ मात्र सिमेंट चालते.

डांबर, प्लॅस्टिक, रेक्झिन, सायकलची ट्यूब यांतले काहीही धुराड्याला लावू नका. ते वितळते, पेटते, आणि त्याचा धूर आणखी घातक असतो. जुने सिमेंटचे पाइप पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते करवतीने कापू नका, कानशीने घासू नका. त्यांची धूळ फुप्फुसात गेली तर फार वाईट. असा पाइप फुटला असेल तर त्याला ठिगळ लावत बसण्यापेक्षा तो बदलावा. काढताना तो ओला करून अलगद काढावा.

काम झाल्यावर तीन-चार दिवस माती सावकाश वाळू द्या. तोवर स्वयंपाक बाहेर तीन दगडांवर करा. पहिल्या दिवशी बारीक जाळ करा. एकदम मोठा जाळ केला तर ओली माती तडकते. मग उदबत्ती घेऊन पुन्हा तपासा.

छपराजवळचे काम

आपल्याकडे पाऊस कमी नाही. पाइप कौलांतून जिथे वर निघतो, तिथून पाणी आत येते. ते पाइपावरून ओघळते आणि खालची सगळी माती सोडवते. म्हणून पाइपाभोवती पत्र्याची झालर बसवा. झालरीची वरची बाजू वरच्या कौलाखाली सरकवा आणि खालची बाजू खालच्या कौलावर येऊ द्या. पाइप आणि झालर यांमधली फट एकास तीन सिमेंट-वाळूने बुजवा. पाइपाच्या तोंडावर पत्र्याची टोपी हवी. टोपी आणि तोंड यांत धूर जाण्यापुरती मोकळी जागा ठेवा.

पाइप आढ्यापेक्षा उंच असावा. आखूड असला तर वारा आढ्यावरून खाली येतो आणि धूर परत घरात ढकलतो. पाइप आणि लाकडी वासे यांत निदान एक वीत अंतर ठेवा. तापलेल्या पाइपाने वासा वर्षानुवर्षे भाजत राहतो आणि एके दिवशी पेट घेतो.

घर मात्र कोंडू नका

फट बुजवायची ती धुराड्याची. घराचा झरोका बुजवायचा नाही. जाळाला हवा लागते. खिडकी, झरोका सगळेच बंद केले तर धुराडे ओढणार कुठून?

याहून मोठे भय दुसरे आहे. जाळाला हवा पुरली नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला तरी तो असू शकतो. म्हणून पावसात किंवा थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. घरातल्या दोघातिघांचे एकदम डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर लगेच सगळ्यांना उघड्यावर न्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

कोणी म्हणेल

जुनी माणसे म्हणतात, "धुरामुळे वासे टिकतात. भुंगा लागत नाही." हे म्हणणे अगदी खोटे नाही. धुराने किडे दूर राहतात, हे खरे. पण वाशाला कीड लागली तर तेल लावता येते, वासा बदलताही येतो. माणसाचे फुप्फुस बदलून कोण देणार?

दुसरे कोणी म्हणेल, "चूल बायकांची, त्यांनीच बघावी." छपरावर चढणे, पत्रा कापणे, पाइप उचलणे ही कामे घरातल्या पुरुषाने हाताखाली घ्यावीत. भाकर दोघेही खातात.

केव्हा करावे?

राब भाजून झाले की मृगापर्यंत थोडे दिवस हाताशी असतात. ऊन कडक असते. माती लवकर वाळते. कौले शाकारायला माणूस छपरावर चढतोच, तेव्हाच झालर आणि टोपी बघून घ्यावी. त्याच दिवसांत सरपण पडवीत रचून झाकावे. कोरडे लाकूड धूर आपणच पुष्कळ कमी करते. दसरा झाल्यावर पुन्हा एकदा उदबत्ती फिरवावी, कारण पावसाने सुटलेले सांधे तेव्हा कळतात.

लक्षात ठेवा

१. आधी काजळी काढा, मग फट शोधा.
२. फट उदबत्तीने शोधा.
३. चुलीजवळ माती, छपराजवळ सिमेंट.
४. सांध्याला कपडमाती करा.
५. झरोका उघडा ठेवा.

घरी करून पाहा

आज संध्याकाळी चूल पेटली की एक उदबत्ती घ्या. धुराड्याचे सगळे सांधे तपासा. किती ठिकाणी फट सापडली, ते वहीत लिहा. उद्या वर्गात ते सर्वांना वाचून दाखवा.