लहान संस्थांच्या पाठीशी राज्याचा संघ

घरातील मारहाणीस कंटाळून एखादी स्त्री रात्री घराबाहेर पडते, तेव्हा तिला हवा असतो जवळचा निवारा व विश्वासाचे माणूस. हे काम गावातील संस्थाच करू शकते. परंतु लहान संस्थेस वकील कोठून मिळणार? नव्या कार्यकर्त्यांस शिकवावयाचे कोणी? कायदा अपुरा पडला तर सरकारदरबारी बोलावयाचे कोणी?

या अडचणीवर तोड म्हणून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सन १९७६ साली राज्यव्यापी संघ स्थापन झाला. त्या देशातील हा अशा प्रकारचा पहिला संघ होय. त्याच वर्षी तेथे पीडितेस न्यायालयातून संरक्षणाचा हुकूम मिळवून देणारा कायदाही झाला. राज्यातील ६७ जिल्ह्यांत प्रत्यक्ष सेवा स्थानिक संस्था देतात. संघ त्यांस निधी, प्रशिक्षण व कायद्याचा सल्ला पुरवितो. पुढे काय करावयाचे, हे मात्र ती स्त्री स्वतःच ठरविते.

आपल्याकडेही सन २००५ च्या कायद्यान्वये, स्त्रियांच्या हितासाठी झटणाऱ्या नोंदणीकृत संस्थेस राज्य सरकारकडे नाव नोंदवून पीडितेची तक्रार लिहून घेता येते, तिची वैद्यकीय तपासणी करविता येते व तिला निवारा मिळवून देता येतो. सभासद बंधुभगिनींनी एवढे ध्यानी ठेवावे, की दारी आलेल्या भगिनीस केवळ 'सांभाळून घे' म्हणून परत पाठविणे हे साहाय्य नव्हे.