सिनेमाच्या दोन पार्कांची चुरस

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्नीने १ मे १९८९ रोजी सिनेमाचं पार्क उघडलं. पुढच्याच वर्षी, ७ जूनला, युनिव्हर्सल मैदानात उतरलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या मोठ्या राइड्स बंद पडल्या. त्यात 'जॉज'ही होती.

त्याच 'जॉज'च्या जागेवर २०१४ मध्ये हॅरी पॉटरमधली जादूई गल्ली डायगन अ‍ॅली उभी राहिली! तिथल्या बँकेच्या छपरावरचा ड्रॅगन खरीखुरी आग ओकतो. खास कांडी फिरवली, की दुकानांच्या काचेआडच्या वस्तू हलू लागतात.

डिस्नीने २०१९ मध्ये पूर्ण आकाराच्या मिलेनियम फाल्कन यानासह 'स्टार वॉर्स'चं अख्खं गाव वसवलं. यान थक्क करतं, पण गल्लीबोळांत हरवून जायचं तर युनिव्हर्सलच सरस.

युनिव्हर्सलच्या दोन पार्कांना जोडणाऱ्या हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स एक्सप्रेस रेल्वेत बसायचं असेल, तर त्या दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं, तेच काढा.