आलेले पैसे कुणाकुणाला दिसतात?

मागं वसमतला हळद विकायला बसलो, तेव्हा क्यूआर कोडवर माझा नंबर असलेला यूपीआय आयडी होता. पुढं महिनाभर रात्रीचे नको ते फोन. मग नंबर नसलेला आयडी करून घेतला.

हे ऐकून हट्ट्याच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "पोरगी घरी बसून परदेशातल्या माणसाचं कॉम्प्युटरचं काम करते. तो म्हणतो, पैसे बिटकॉइनमध्ये देतो, कुणाला कळणार नाही. खरंय का?"

खरं नाही. बँकेचं पासबुक आपल्यापुरतं असतं. बिटकॉइनची वही २००९ पासून साऱ्या जगापुढं उघडी आहे. तिच्यात नाव नसतं, पत्ता असतो. म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. ती ओळ कुणाची हे एकदा कळलं, की तिच्यावर किती आले, किती गेले, किती उरले, सगळं दिसतं. चावडीवर पासबुक टांगल्यासारखं. पोरीकडं पैसा आहे हे कळलं, की मागणारेही येतात आणि लुबाडणारेही.

म्हणून पत्ता व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नये. दर गिऱ्हाइकाला नवा द्यावा. बरीच वॉलेट तो आपोआप काढून देतात. पण दोन पत्त्यांवरचे पैसे एकत्र करून कुणाला दिले, की दोन्ही एकाच माणसाचे असावेत हे उघड होतं. ही गोम शिकलेल्या पोरांनाही ठाऊक नसते.

वॉलेटची खरी किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द. ते कागदावर लिहावेत, मोबाईलमध्ये फोटो काढू नये. पैसे घ्यायला पत्ता पुरतो, शब्द लागत नाहीत. जाणकारालाही ते सांगू नयेत. पुण्यात बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेली बिटकॉइन परस्पर वळवल्याचा आरोप आहे.

आणि आयकरापासून लपवणं वेगळं, ते करू नये. कामाचा मोबदला उत्पन्नातच धरावा लागतो, शिवाय बिटकॉइन विकून नफा झाला तर त्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. भावही रोज वरखाली होतो. जमलं तर मोबदला बँकेतच मागावा, असं माझं मत.

त्या ताईंना सांगितलंय, पुढच्या बैठकीला पोरीला घेऊन या. मोबाईल आणा, शब्दांचा कागद घरीच ठेवा.