कळकलेल्या वायरींची पंचवीस वर्षं

उमरठहून पोलादपूरला गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकायला उतरलो, तेव्हा महामार्गावरची जवळजवळ प्रत्येक जड गाडी लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर चालत होती. पाटा तुटला की डोळ्यांना दिसायचा. त्याचा आणि विजेचा काही संबंध नव्हता. २००१ मध्ये वोल्वोच्या बस भारतात आल्या आणि पाट्यांच्या जागी हवेचे बलून दिसू लागले. जुन्या पद्धतीच्या बलूनला लेव्हल व्हॉल्व्ह असायचा. एक दांडी वर-खाली व्हायची, तशी हवा आत-बाहेर जायची. बलून गळतोय का ते साबणाच्या पाण्याने कळायचं.

बलून मोटारींत आले, तेव्हा मात्र सगळंच बदललं. चाकाजवळचा हाईट सेन्सर उंची सांगतो, कंट्रोल युनिट ठरवतं, रिले कॉम्प्रेसर चालू करतो, सॉलेनॉइड व्हॉल्व्ह हवा सोडतात. महाबळेश्वरला आंबेनळीने चढणाऱ्या, गोव्याला कशेडीने जाणाऱ्या आणि माघ वद्य नवमीला तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीसाठी थेट आमच्या गावात येणाऱ्या अशा गाड्या हळूहळू माझ्याकडे थांबू लागल्या.

पहिली गाडी नीट आठवते. मागची बाजू बसलेली, कॉम्प्रेसर गप्प. स्कॅनरवर कॉम्प्रेसरचाच कोड. प्लग काढून मीटर लावला, तर पूर्ण १२ व्होल्ट. मी कॉम्प्रेसर बदलायला लावला आणि नवाही चालला नाही. गिऱ्हाइकाचा तो खर्च आजही मला टोचतो. प्लग मोकळा असताना करंट वाहतच नसतो, म्हणून मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. त्याच प्लगला ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला, तर तो मिणमिणला. व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्लं जात होतं. चाकाच्या वरच्या पत्र्याला कसलेला अर्थिंगचा स्क्रू हिरवा पडला होता. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तशी त्या स्क्रूखालची वायरीची तांब्याची रिंग कळकली होती. घासून कसल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला.

आमच्याकडच्या पावसात हे दर वर्षी होतंच. पण जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, त्यानंतरचे महिने वेगळेच होते. सुकवून, धुऊन चालू झालेल्या गाड्या दिवाळीनंतर एकेक करून बसू लागल्या. वायरीचं वरचं आवरण शाबूत, पण सोललं की आतलं तांबं काळं. कनेक्टरमधून शिरलेलं पाणी तारांच्या मधून वीतभर पुढे गेलेलं. बीप देणाऱ्या मीटरला अशी वायर चांगलीच वाटते, कारण एक तार शिल्लक असली तरी तो वाजतो. म्हणून लोड लावून वायरीच्या दोन टोकांमधला फरक मोजायचा. अर्थिंगच्या बाजूला तो ०.२ व्होल्टच्या वर गेला की मी ती वायर खोलतोच.

फ्यूज पुन्हापुन्हा जातो म्हणून मोठा घातलेल्या गाड्याही आल्या. खरं कारण बलूनची बारीक चीर असते. हवा गळते, कॉम्प्रेसर थांबत नाही, रिलेचे पॉइंट चिकटतात. मोठ्या फ्यूजने फक्त वायर जळते. अशी गाडी तपासताना खाली घोडी लावल्याशिवाय मी कुणालाही आत जाऊ देत नाही, कारण सॉलेनॉइड उघडला तर गाडी झपकन खाली येते.

आता पोरं स्कॅनर घेऊनच कामाला येतात. ते चांगलंच आहे, कुठून शोधायचं ते लगेच कळतं. पेटीत त्याच्या शेजारी दोन वायरींना डाग देऊन केलेला हेडलाइटचा बल्ब असतो. कोड वाचून झाला की मी तो त्यांच्या हातात देतो.